एका नॅपकिनची जागा

ट्रायथलॉनला पहिल्यांदा येणाऱ्यांच्या पिशव्या उघडून बघायला मला फार आवडायचं. आधी पोहायचं, मग सायकल चालवायची, मग पळायचं, अशी ती शर्यत. जिथे सायकली ओळीने टांगलेल्या असतात आणि माणसं ओल्या अंगाने धावत येऊन हेल्मेट चढवतात, त्या जागेला ट्रान्झिशन म्हणतात. तिथे प्रत्येकाला आपल्या सायकलीशेजारी एका नॅपकिनएवढी जागा मिळते. तेवढ्यात मावेल तेच आणायचं. हेल्मेट, बूट, नंबराचा पट्टा, पाण्याची बाटली, बस्स. पण लोक लग्नाला निघाल्यासारखे येतात. पाय धुवायला बादली, बसायला स्टूल, पावडरचा डबा, तीन टॉवेल, चिवडा. एका गृहस्थांच्या पिशवीतून मी नेलकटर काढलं होतं. "शर्यत संपेपर्यंत नखं वाढणार आहेत का काका?" असं मी इतक्या मोठ्याने विचारलं की शेजारच्या दोन रांगा हसल्या. काका पुन्हा कुठल्या शर्यतीत दिसले नाहीत. मला त्याचं तेव्हा काही वाटलं नव्हतं.

मी उरणला राहते आणि न्हावा शेव्याला एका मालवाहतूक कंपनीच्या ऑफिसात कंटेनरमध्ये माल कसा रचायचा त्याचे आराखडे करते. तिथे वीतभर जागा रिकामी राहिली तरी साहेब फोन करतो. दिवसभर ठासून भरायचं आणि रविवारी लोकांना सांगायचं, कमी आणा, कमी आणा. ऑफिसातल्या सायकलवाल्या मंडळींबरोबर मी या खेळात शिरले, पाच शर्यती पूर्ण केल्या, गुडघा दुखावून घेतला आणि मग शिट्टी गळ्यात अडकवून ट्रान्झिशनची देखरेख करू लागले. स्वतःला धावता येत नाही म्हटल्यावर दुसऱ्याची पिशवी उपसण्यात मोठी मजा असते.

माझी धाकटी बहीण म्हसळ्याच्या पुढे, किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यात दिली आहे. नवरा बोटीवर. ती आणि सासू मासळी विकतात, उरलेली सुकवतात. आमचं माहेरही कोळ्याचंच, पण मी शिकले आणि खाडी ओलांडून ऑफिसात गेले, ती दहावीनंतर थांबली. पोहायला मात्र तिच्यासारखं कोणी नाही. लहानपणी ती बोटीवरून उडी मारून काठाला लागायची तेव्हा मी अजून अर्ध्यात असायचे.

तीन वर्षांपूर्वी म्हसळ्याकडच्या एका निवासी शाळेने पोहण्याचा तलाव बांधला. मुलींना शिकवायला बाई हवी होती. बहीण जाऊन मुख्याध्यापिका बाईंना भेटली. बाईंनी तिला पोहताना पाहिलं आणि म्हणाल्या, येतं तुला उत्तम, पण संस्थेला दाखवायला कागद पाहिजे. एखादी शर्यत पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र आण, जागा तुझी. त्याच हिवाळ्यात बहिणीच्या गावाशेजारच्या किनाऱ्यावर आमची शर्यत होती. ती मला फोनवर म्हणाली, "ताय, मना येकदाच उतरव. मासलीच्या पाटीखालशी मान काडाची हाय मना." सासऱ्यांनीही परवानगी दिली होती, तीही एकदाच. जमलं तर जमलं, नाहीतर पुन्हा नाव काढायचं नाही.

मी दर रविवारी गाडीने तिच्याकडे जाऊ लागले. माझी जुनी सायकल तिला दिली. पळणं शिकवावं लागलंच नाही, डोक्यावर पाटी नाही म्हटल्यावर ती नुसती उडायची. पहिल्या रविवारी मी घड्याळ लावून तिला समुद्रात सोडलं. अंगावर काळा कुर्ता, सलवार, कमरेला ओढणी बांधलेली, आणि तरीही जे अंतर त्या वेळात कापायला मला चार वर्षं लागली होती ते तिने पहिल्याच दिवशी कापलं. बाहेर येऊन तिने विचारलं, "कवरा टायम झाला?" मी घड्याळाकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि दीड मिनिट वाढवून सांगितलं. माझ्या पोटात दुखलं, दुसरं काही नाही. तिचा चेहरा पडला आणि ती म्हणाली, पुढल्या वेळेला आणखी जोर लावीन.

शर्यतीच्या आदल्या आठवड्यात मी फोनवर तिला सगळा क्रम समजावला. "पाण्यातून आलीस की ट्रान्झिशनमध्ये यायचं, तिथे बदलायचं, आणि सायकल घेऊन निघायचं."

"तटंच बदलाचा? सगल्यांम्होरं?"

"हो. सगळे तिथेच बदलतात."

"बायापन?"

"बायापण. दोन मिनिटांत बदलून बाहेर."

ती म्हणाली, "बरं."

आम्ही खेळातली माणसं 'बदलणं' म्हणतो ते एक खेळ सोडून दुसऱ्याला लागणं. तिने ऐकलं ते बाईमाणसाने ऐकावं तेच, म्हणजे कपडे. हे मला शर्यतीच्या सकाळी कळलं. सहा वाजता ती आणि तिची सासू ट्रान्झिशनच्या दोरीपाशी आल्या. सासूच्या काखेत गाठोडं. मी नेहमीच्या हौसेने ते सोडलं. आत सुका सलवार-कुर्ता, आतले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले, कंगवा, आणि एक जुनी सुती साडी. त्याशिवाय दोन बांबूच्या काठ्या.

"हे काय?" मी विचारलं.

सासूच म्हणाली, "आडोसा. मी येक काठी धरन, येक ती सायकलला बांदल. पोरगी बदलल." वर मला धीर दिला, "साडी धुतलेली हाय, ताई."

मी हसले. हसले म्हणजे पोट धरून हसले, आणि मग जे करायला नको होतं ते केलं. साडी उलगडून दोन्ही हातांनी वर धरली आणि आमच्या मंडळींना हाक मारली, "या रे या, इथे बायकांसाठी न्हाणीघर उघडलंय!" मुंबईहून आलेली, अंगाला चिकटलेल्या काळ्या सूटमधली माणसं हसली. एकाने फोटो काढला. बहिणीने मान खाली घातली. सासूला काय चाललंय ते कळलं नाही, तीही थोडी हसली.

मग मी नियम सांगितला, आणि नियम खरा होता. बाहेरच्या माणसाने मदत केली तर स्पर्धक बाद होतो. सासूने दोरीच्या आत पाऊल टाकायचं नाही. गाठोडं, काठ्या, सगळं मी माझ्या गाडीच्या डिकीत टाकलं आणि किल्ली खिशात घातली. बहिणीच्या सायकलीजवळ नॅपकिन पसरून त्यावर हेल्मेट, बूट आणि पट्टा मांडला. "एवढंच लागतं," मी म्हटलं. "बाकी सगळा भार आहे."

ती हळूच म्हणाली, "मंग पान्यात काय घालू? माजा कुर्ता का ह्यो?" 'ह्यो' म्हणजे संयोजकांनी आदल्या संध्याकाळी सगळ्यांना वाटलेला टी-शर्ट. पांढरा. कोरडा असताना चांगला जाड वाटणारा.

"हाच," मी म्हटलं. "कुर्ता पाण्यात ओढतो."

तो घालायची सक्ती नव्हती. तिने तो घातला, कारण ताईने सांगितलं.

उजाडलं तसा किनारा भरला. आमच्या शर्यतींना एरवी स्पर्धकांचे नवरे-बायका सोडले तर कुत्रं येत नाही, पण कोळीवाड्याची सून उतरतेय म्हटल्यावर अख्खा वाडा आला होता. सासरे पुढे खुर्ची टाकून बसलेले. नवऱ्याचे बोटीवरचे सोबती, शेजारणी, मोबाइल उंच धरलेली पोरं. शिट्टी वाजली आणि सगळे पाण्यात शिरले. लांबच्या पिवळ्या फुग्याला वळसा घालून येईपर्यंत ती बायकांत पहिली होती, आणि पुरुषांतले दोनच तिच्या पुढे. वाड्याने एकच आरडाओरडा केला. माझ्याशेजारचा संयोजक म्हणाला, "ही कोण हो? काय पोहते!" मी म्हटलं, "माझी बहीण." मला अभिमान वाटला, आणि त्याच वेळी ती कुठेतरी चुकावी असंही वाटलं. दोन्ही एकदम वाटू शकतं, हे मी तिथे शिकले.

कमरेइतक्या पाण्यात आल्यावर ती उभी राहिली आणि तिने स्वतःकडे पाहिलं. टी-शर्ट होता, पण नसल्यासारखाच होता. तिने समोर पाहिलं. खुर्चीत सासरे, त्यांच्यामागे सगळा वाडा. आणि ती पुन्हा खाली बसली, गळ्यापर्यंत पाण्यात.

"पायात गोळा आला वाटतं," संयोजक म्हणाला.

मागून येणारे तिच्या दोन्ही बाजूंनी बाहेर पडू लागले. पाच, दहा. मग बायका, काळ्या सूटमधल्या, एकेक करून. पोहणं संपवायला ठरलेली वेळ होती, त्यानंतर पुढे सोडत नाहीत. मी पाण्याच्या कडेपर्यंत गेले आणि शिट्टी फुंकली. "ऊठ! पळ!"

"ताय," ती म्हणाली, लाटेवर मान हलत होती, "साडी दे."

किल्ली माझ्या खिशात होती आणि गाडी पन्नास पावलांवर. आणून दिली असती तर नियमाने ती बाद झाली असती, असं मी नंतर खूपदा स्वतःला सांगितलं. पण त्या क्षणी मी नियमाचा विचार करत नव्हते. माझ्या पहिल्या शर्यतीत मलाही असाच पांढरा टी-शर्ट मिळाला होता. मीही अशीच कमरेइतक्या पाण्यात उभी राहिले होते, छातीवर हात घेऊन, आणि सगळ्या परक्या लोकांसमोरून रडत सायकलपर्यंत धावले होते. त्यानंतरच्या पगारात मी काळा सूट घेतला. हे सगळं मला तिथे उभं असताना अचानक आठवलं, असं मी म्हणणार नाही. मला सकाळपासून माहीत होतं. तिने विचारलं, कुर्ता की हा, तेव्हाही माहीत होतं. मी बाहेर आले ना तशी, मग हिनेही यावं. मला कोणी आडोसा धरला नव्हता.

मी म्हटलं, "लाज गुंडाळून ठेव आणि ये बाहेर. सात मिनिटं आहेत."

ती माझ्याकडे बघत राहिली. उठली नाही. माझ्यासमोर परके लोक होते, तिच्यासमोर सासरा होता, हा फरक मला कळत नव्हता असं नाही. मी पुन्हा शिट्टी फुंकली, कुत्र्याला बोलवावं तशी.

वेळ संपल्याचा भोंगा वाजला तेव्हा सासू पाण्यात शिरली. कोणाला विचारलं नाही, लुगडं वर खोचलं नाही. सरळ चालत गेली, पोरीला पाठीशी घेतलं, स्वतःचा पदर सोडून तिच्याभोवती लपेटला. त्या दोघी काठाला आल्याच नाहीत. पाण्यातून पाण्यातूनच, वाड्याकडे बोटी लागतात त्या बाजूला चालत गेल्या, आणि लहान होत गेल्या. सासऱ्यांनी खुर्ची मिटली आणि ते निघाले. मी लाउडस्पीकरवाल्याला सांगितलं, पायात गोळा आला म्हणून सांग. त्याने तसं सांगितलं. मग मी ट्रान्झिशनमध्ये परत गेले. तिची सायकल, हेल्मेट, बूट आणि पट्टा मी मांडले तसेच होते. इतकी नीट मांडलेली जागा त्या दिवशी दुसरी नव्हती.

प्रमाणपत्र मिळालं नाही. शाळेने दुसरी बाई घेतली, पनवेलकडची. बहिणीने दुसऱ्या शर्यतीचं नाव काढलं नाही, काढता आलंच नसतं. एका पोराने काढलेला व्हिडिओ काही दिवस वाड्यात फिरला. तो कोणाकोणाच्या मोबाइलवर होता हे तिला माहीत होतं, आणि त्याच लोकांना ती सकाळी मासळी विकत होती. समुद्रात उतरणं तिने सोडलं. हे मला सासूकडून कळलं, फोनवर सहज बोलता बोलता.

मी तिकडे गेले ते पुढच्या उन्हाळ्यात. तोवर काही ना काही कारण सांगत होते. ती मांडवाखाली बोंबील सुकत घालत होती. मला बघून हसली, पाणी दिलं, ऑफिसचं विचारलं, गुडघ्याचं विचारलं. मी जायला उठले तेव्हा तिने हातातलं काम न थांबवता विचारलं, "ताय, येक सांग. तो टी-शर्ट पान्यात तसा व्हनार, तुला म्हायत व्हता?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, एवढंच. मी हो म्हटलं असतं तर तिने काय केलं असतं, ते मला माहीत नाही. बहुतेक रडली असती, आणि मग मला चहा करून दिला असता.

"नाही गं," मी म्हटलं. "मला कसं माहीत असणार?"

"तेच मी सगल्यांना सांगतंय," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा मोकळा झाला. "सासू तुला नाय नाय ते बोलते. मी तिला सांगतंय, तायनी आपला सगला टायम मना दिला, दर आयतवारी येत व्हती. चूक माजी हाय. मनाच नीट समाजला न्हाय."