वहिनींनी मला सांगितलं होतं

सांगलीत माझं औषधांचं दुकान आहे. पंधरा वर्षं झाली. गल्लीतली माणसं मला अर्धा डॉक्टरच समजतात आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. कुणी डोकं दुखतंय म्हणून आलं की मी आधी दोन प्रश्न विचारायचो, मग गोळी काढायचो. एकदा एक निवृत्त मास्तर आले. म्हणाले, "डोक्यात एकदम कळ आली. आयुष्यात असं दुखलं नव्हतं." मी त्यांना गोळी दिली नाही. आजच्या आज डॉक्टरांना दाखवा असं सांगून रिक्षात बसवून दिलं. त्यांचं काही गंभीर निघालं नाही, पण मी केलं ते बरोबर होतं.

त्याच महिन्यात वहिनी आल्या. त्यांना मात्र मी गोळी दिली.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. आमचं गाव कोरेगाव तालुक्यात. आई गेली तेव्हा मी सहावीत होतो. दादा तेव्हा फौजेत, वर्षाकाठी दोन महिने घरी. लग्न होऊन वर्षही न झालेल्या वहिनींच्या अंगावर ऊस, दोन म्हशी, अंथरुणाला खिळलेले सासरे आणि मी असं सगळं एकदम पडलं. दहावीच्या वर्षी मला टायफॉईड झाला, तेव्हा साताऱ्याच्या दवाखान्यात त्या अकरा दिवस माझ्या खाटेखाली चटई टाकून झोपल्या. मी नुसतं कण्हलो तरी उठून बसायच्या. मी फार्मसीला जावं हेही त्यांनीच ठरवलं. दादाचं म्हणणं होतं, भरतीला उतरावं. वहिनी म्हणाल्या, "एक हाय की तिकडं. दुसरा हितं ऱ्हाऊ द्या."

तर त्या दिवशी माझ्या मुलीचं शाळेत गॅदरिंग होतं, म्हणून त्या एसटीनं सांगलीला आल्या. स्टँडवरून चालत थेट दुकानात. मी मुदत संपलेला माल परत पाठवायची यादी करत होतो आणि कंपनीचा माणूस समोर ताटकळत होता. वहिनी स्टुलावर बसल्या. दोन्ही हातांनी डोकं दाबून धरलं होतं.

"भावजी, डोस्कं लय दुखतंय. गाडीत पिशवी वर ठिवायला हात उचलला आन् घण घातल्यागत झालं. असं कवाच न्हाई दुखलं."

"उन्हातनं आलात," मी यादीवरून नजर न काढता म्हणालो. "काही खाल्लंही नसेल."

"वाटंत एकदा उलटी बी झाली."

"मग पित्तच आहे. ह्या दोन घ्या आणि घरी जाऊन पडा."

त्यांनी माझ्यासमोर दोन्ही गोळ्या पाण्याबरोबर घेतल्या. संध्याकाळी गॅदरिंगला आल्या, कर्कश स्पीकरसमोर डोळे मिटून बसल्या, मुलगी स्टेजवर आली तेवढं बघितलं. म्हैस धारेला अडून बसेल म्हणून दुसऱ्या दिवशी परत गेल्या. आता कसं वाटतंय, हे मी विचारलं नाही. आपण औषध दिलंय म्हणजे बरं वाटलंच असणार, असं मी धरून चाललो होतो.

दहा-बारा दिवसांनी त्यांचा फोन आला. दुकानात गर्दी होती.

"भावजी, उजव्या डोळ्याची पापणी खाली येतीया. उचलाय गेलं तरी उचलत न्हाई. आन् एकाचं दोन दिसतंय."

"चष्म्याचा नंबर वाढला असेल, वहिनी. मी रविवारी येतोच तिकडं, तेव्हा बघू."

"या मग," त्या म्हणाल्या. "ह्यांना सांगत न्हाई मी. उगं घोर लावून घेत्यात."

रविवारी मी गेलो, पण गावाला नाही. आम्हा दुकानदारांची पाचगणीची सहल ठरली. हायवेवर आमच्या गावाचा फाटा आला, तेव्हा गाडीत गाणी चालली होती. फाट्यापासून घर वीस मिनिटांवर. मनात आलं, म्हणावं की मला जरा आत जाऊन यायचंय. मग वाटलं, पाच जणांचा खोळंबा होईल, येताना बघू. फाटा मागं गेला. मला ओझं उतरल्यासारखं वाटलं होतं, हेही आता लिहायला हवं.

पाचगणीत आम्ही स्ट्रॉबेरीच्या मळ्यात उभे होतो. क्रीम घातलेला पेला माझ्या हातात होता. दुपारचे बारा वाजले असतील. दादाचा फोन आला.

"तुझी वहिनी गोठ्यात पडली रं. डोस्कं म्हणून वरडली आन् पडली. शुद्ध न्हाई. साताऱ्याला घेऊन निघालोय."

मी पाचगणीहून थेट साताऱ्याला पोचलो. तिथं स्कॅन झाला. मेंदूभोवती रक्त पसरलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी लगेच पुढं हलवायला सांगितलं. मिरजेतल्या एका हॉस्पिटलात असली बिनटाक्याची शस्त्रक्रिया होते हे मला माहीत होतं. ॲम्ब्युलन्समध्ये मी वहिनींच्या उशाशी बसलो. त्या मधूनच शुद्धीवर यायच्या आणि काहीतरी पुटपुटायच्या. त्यांचा उजवा डोळा पूर्ण मिटलेला होता. डावा अर्धवट उघडा होता आणि तो माझ्याकडे बघतोय असं मला सारखं वाटत होतं.

मिरजेच्या डॉक्टर बाई माझ्यापेक्षा लहान असतील. त्यांनी आम्हा दोघांना स्क्रीनसमोर बसवलं. मेंदूतल्या रक्तवाहिन्या झाडाच्या मुळ्यांसारख्या दिसत होत्या आणि एका वळणावर वाटाण्याएवढा फुगवटा होता.

"रक्तवाहिनीची भिंत इथे कमजोर होऊन फुगा आलाय," त्या म्हणाल्या. "तो फुटलाय. आता थांबला असला तरी पुन्हा फुटू शकतो. कवटी उघडायची गरज नाही. जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी वर नेऊन त्या फुग्यात प्लॅटिनमच्या केसासारख्या तारा भरायच्या. तार आत गेली की आपोआप गुंडाळली जाते. फुगा भरला की त्यात रक्त शिरत नाही."

"जांघेतनं डोस्क्यात?" दादानं विचारलं. त्याला दोनदा सांगावं लागलं. मग त्यानं मान हलवली.

डॉक्टरांनी कागद पुढं ओढला. "याआधी कधी असं अचानक, जोरात डोकं दुखलं होतं का? ही पापणी कधीपासून पडली?"

"पापणी आजच बघितली मी," दादा म्हणाला. "चार दिस पदर पुढं वढून हुती, मला वाटलं डोळं आल्यात. ती सांगत न्हाई मॅडम. दुखणं अंगावर काढायची सवयच हाय तिला."

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "तुमचं मेडिकल आहे ना? तुम्हाला काही बोलल्या होत्या?"

"नाही," मी म्हणालो.

विचार करायला वेळच मिळाला नाही असं मी पुढं कित्येक दिवस स्वतःला सांगत राहिलो. वेळ होता. दादा शेजारी नसता तर कदाचित मी खरं सांगितलं असतं. पण तो होता, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

डॉक्टर म्हणाल्या, "ठीक आहे. काही वेळा असे फुगे फुटण्याआधी इशारा देतात, म्हणून विचारलं. पापणी पडते तेव्हा फुगा शेजारच्या नसेवर दाबत असतो. तेव्हाच आल्या असत्या तर न फुटताच बंद करता आला असता." त्या दोष द्यायला बोलत नव्हत्या. आम्हाला कळावं म्हणून बोलत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींना आत नेलं. तीन तास लागले. बाहेरच्या बाकावर दादा ताठ बसला होता, पहाऱ्यावर बसल्यासारखा.

"बावीस वर्षं मी सरहद्द राखली," तो म्हणाला. "आन् घरात एका ताटात जेवणाऱ्या माणसाचा डोळा मिटला, त्यो मला दिसला न्हाई."

"दादा, तुझी काय चूक?" मी म्हणालो. एवढं एक वाक्य बोललो आणि पुढचं गिळलं. माझी चूक त्यानं अंगावर घेतली होती आणि मी ती त्याला घेऊ देत होतो.

तारा नीट बसल्या. जांघेत एक बारीक छिद्र, त्यावर पट्टी. दादा ती पट्टी बघून चकित झाला. पण जे रक्त आधीच सांडलं होतं, त्याचा त्रास पाचव्या दिवशी सुरू झाला. त्या रक्तानं आजूबाजूच्या रक्तवाहिन्या आखडतात. त्यासाठी दर चार तासांनी गोळी द्यायची असते. नर्स देत होत्याच, तरी मी घड्याळ लावून तिथं उभा राहायचो. माझी बायको म्हणाली, दीर असावा तर असा. नातेवाईक येऊन तेच म्हणून गेले. मी मान खाली घालायचो, ते त्यांना विनय वाटायचं.

गोळ्या देऊनही वहिनींचा डावा हात लुळा पडला. तीन आठवड्यांनी त्या घरी गेल्या तेव्हा हात थोडा उचलला जात होता, पण बोटं मिटत नव्हती. पीठ मळता येईना. म्हशीच्या कासेला हात लावता येईना. पापणी मात्र महिन्या-महिन्यानं थोडी थोडी वर आली.

येणारं प्रत्येक माणूस त्यांना एकच म्हणायचं, "सांगायचं न्हाईस व्हय गं आधी? कुणाला तरी बोलायचं." वहिनी गप्प बसायच्या. मला वाटायचं, त्या आजारात त्या दिवसांची आठवणच पुसली गेली असणार. अशा रुग्णांचं तसं होतं, हे मी वाचलं होतं. वाचून मला बरं वाटलं होतं.

सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. तारा फुग्याच्या तळाशी दाबल्या गेल्या होत्या आणि तोंडाशी थोडं रक्त पुन्हा खेळू लागलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, आता रक्तवाहिनीच्या आतून एक जाळीची नळी बसवू. रक्त त्या नळीतून सरळ पुढं जाईल आणि फुगा हळूहळू सुकेल. रक्त पातळ करायच्या गोळ्या आधीपासून सुरू करायच्या, एकही चुकवायची नाही. मग त्यांनी नवीन फाईल उघडली आणि पहिल्यापासूनची हकीकत विचारायला सुरुवात केली. वहिनी आणि दादा शेजारी बसले होते.

"पहिलं लक्षण कधी?"

"गोठ्यात पडली तवाच," दादा म्हणाला.

"नाही," मी म्हणालो. "त्याआधी दोन-तीन आठवडे. माझ्या दुकानात. मला म्हणाल्या होत्या, असं कधीच दुखलं नाही. मी पित्ताची गोळी दिली. पापणीचंही मला फोनवर सांगितलं होतं. मागच्या वेळी मी तुमच्याशी खोटं बोललो."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि लिहून घेतलं. दादाचा हात खुर्चीच्या दांड्यावर होता, तो तसाच राहिला.

वहिनी म्हणाल्या, "मला ठावं हाय की."

"तुम्हाला आठवतंय?"

"समदं आठवतंय. ती गोळी पिवळी हुती." मग म्हणाल्या, "कुणाला सांगून काय करायचं? तुमच्या दुकानात माणसं इश्वासानं येत्यात."

सहा महिने येणारा-जाणारा त्यांना बोल लावत होता आणि त्या माझ्यासाठी ते ऐकून घेत होत्या. मला तिथं बसवेना. मी बाहेर आलो. दादा मागून येईल, दोन लावील, असं वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तो आला नाही.

जाळी व्यवस्थित बसली. तिसऱ्या दिवशी वहिनी घरी गेल्या. दादा मात्र माझ्याशी बोलायचा बंद झाला. गोळ्या मी दर महिन्याला घेऊन जायचो. तो पिशवी घ्यायचा, आतल्या गोळ्या एकेक मोजायचा आणि रानात निघून जायचा. वहिनी मला चहा द्यायच्या, उजव्या हातानं कप, डाव्या मनगटानं बशी रेटत. एकदा मी म्हणालो, "वहिनी, मला एकदा तरी बोला. रागवा."

"राग आला हुता," त्या म्हणाल्या. "न्हाई कसा? दुकानात तुमी वर बगितलं न्हाई, त्याचा आला. गोळीचा न्हाई."

मी कपबशी उचलली आणि मोरीत जाऊन विसळली.

यंदा पुन्हा तपासणीला मिरजेला गेलो. फुगा पूर्ण बंद झाला होता, त्या जागी आता फक्त जाळीची बारीक रेघ दिसते. डॉक्टर म्हणाल्या, यानंतर दोन वर्षांनी या. वहिनी आत कपडे बदलत होत्या आणि आम्ही दोघं भाऊ व्हरांड्यात उभे होतो. दादा खाली रस्त्याकडे बघत होता. म्हणाला, "तुला माफ केलं, असं म्हणवत न्हाई रं मला अजून. पण न बोलता बी ऱ्हावत न्हाई."

मी म्हणालो, "एवढं पुष्कळ आहे."

"पुष्कळ न्हाई," तो म्हणाला. "पण हाय त्ये हाय."

वहिनी बाहेर आल्या. दादा पुढं झाला आणि त्यानं त्यांच्या ब्लाऊजच्या बाहीची राहिलेली गुंडी लावून दिली. मग आम्ही तिघं माझ्या गाडीकडे गेलो. कोण पुढं बसणार यावर थोडा वेळ गेला. शेवटी वहिनी पुढं बसल्या.