तीन उलटे टाके

चादरीची दोन टोकं माझ्या हातात होती, दोन वन्संच्या. पहिली घडी पडली आणि त्यांचा फोन वाजला. आपली टोकं माझ्या खांद्यावर टाकून त्या खिडकीशी गेल्या. मी चादर पोटाशी धरून तशीच उभी राहिले, कारण फोन कोणाचा ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं होतं. शेअर घेण्या-विकण्याचं ॲप चालवणाऱ्या कंपनीचा.

वन्सं म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई. बावीस वर्षं आमच्या धाकट्या खोलीत बसून शिवणकाम करतात. त्यांची शिवण उसवली असं अजून कोणी सांगत आलेलं नाही. त्यातलं गुपित एवढंच, की शिवण संपली की त्या उलटे तीन टाके घालतात. एका टाक्यावर विसंबायचं नाही, हे त्यांचं ब्रीद. दाराला कडी घातली तरी तीनदा ओढून बघतात. हे म्हणतात, ताई देवाला नमस्कार करते तेव्हाही वर तीन टाके घालते, देव उसवायला नको.

दर महिन्याच्या शिलकीतून वन्सं फोनवर थोडे शेअर घेत. मोटरच्या मशीनसाठी जमवलेली पुंजीही त्याच खात्यात होती. पायाने मशीन चालवायला त्यांचे गुडघे आता राजी नाहीत. उठताना भिंतीला हात लावून उठतात, आणि मी पाहतेय असं दिसलं की भिंतीवरची धूळ पुसल्यासारखं करतात.

गेल्या महिन्यात एका सकाळी त्यांनी खरेदीचं बटण दाबलं आणि पडद्यावर नुसतं चाक फिरत राहिलं. झालं म्हणेना, नाही म्हणेना. वन्संनी हाताच्या सवयीने आणखी तीनदा दाबलं. दुपारी ॲप ताळ्यावर आलं तेव्हा चारही खरेद्या लागलेल्या होत्या. पैसे कमी पडले तिथे कंपनीने उसने घातले, भाव घसरल्यावर न विचारता सगळं विकलं आणि तूट खात्यातून कापून घेतली. मशीन गेलं. वन्संनी कंपनीकडे तक्रार केली.

आजची फोनवरची मुलगी गोड बोलली म्हणे. त्या दिवशी यंत्रणा जरा संथ होती, पण बटण तुम्हीच दाबलंत ना, काकू? अडकलेल्या पडद्याचा वेळेसकट पुरावा आठ दिवसांत पाठवा, नाहीतर तक्रार बंद होईल. आता अडकलेल्या पडद्याचा फोटो त्याच फोनने कोण काढून ठेवतं?

तेव्हा ह्यांना माझी वही आठवली. पूजा-पोथी झाली की मी रोज चार ओळी लिहिते, वेळ घालून. पान सापडलं. मी मोठ्याने वाचलं:

“सव्वादहा. पोथी वाचून उठले. वन्संच्या फोनवर चाक फिरतंय, मीही पाहिलं. त्यांनी आणखी तीनदा दाबलं. पावणेअकरा, अजून फिरतंच आहे. तेवढ्यात दूध उतू गेलं.”

हे खूश झाले, मग त्यांनी पान स्वतः पुन्हा वाचलं. म्हणाले, ती तीनदा दाबल्याची ओळ गाळून पान नव्याने लिही. चित्रगुप्ताने तरी सगळं कुठे लिहिलंय?

खोटं लिहायचं नाही हा माझा नेम. पण ते भिंतीला लावलेले हात डोळ्यांपुढून हलेनात. देवाची क्षमा मागून मी पेनाचं टोपण काढलंसुद्धा.

वन्संनी पेन काढून घेतलं.

“नर्सबाईंचा कोट आठवतो तुला?” त्यांनी विचारलं.

आठवत होता. पांढरा, नवाकोरा. शिवता शिवता मशीनचं तेल गळलं आणि छातीवर डाग पडला. नर्सबाई भल्या; मशीनने घाण केली, तुम्ही काय करणार, म्हणाल्या. वन्संनी पदरचं कापड आणून दुसरा कोट शिवून दिला होता.

“यंत्र माझं, म्हणून डाग माझा. तेव्हा मी मशीनकडे बोट दाखवलं नाही. माझे तीन टाके मी पदरात घेते. चाक त्यांचं आहे, ते त्यांनी घ्यावं. ओळ गाळलीस तर कोणत्या तोंडाने मागू, वहिनी?”

हे हळूच म्हणाले, “ताई, ती कंपनी आहे, शिंपीण नव्हे. नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवतील.”

 वन्संनाही ते ठाऊक होतं. चपला घालताना त्यांनी धूळ पुसण्याचं सोंगही केलं नाही, सरळ भिंत धरली. चादर खुर्चीवर अर्ध्या घडीतच पडली होती. वही पिशवीत घालून त्यांनी चेन लावली, तीनदा ओढून पाहिली, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात त्या पानाची झेरॉक्स काढायला निघाल्या.