वांग्याच्या रोपांची माती

मी नांदायला आले ती मांडीवर ओल्या फडक्यात वांग्याची रोपं घेऊन. आईनं बजावलं होतं, "मुळाची माती झटकू नको गं, रोप मरून जातं." मी चिमूटभरही झटकली नाही. कळमनुरीजवळच्या आमच्या मळ्यात थोरल्या जावेनं माझ्यासोबत ती लावली. "लेकरावानी जपते बघ," म्हणाली. तिला लेकरू नव्हतं.

दुसऱ्या वर्षी त्याच वाफ्यात तिनं गाजरं पेरली. हिवाळ्यात उपटली, अन् अगं माय, एक सरळ निघेल तर शपथ! कुणाला दोन तंगड्या, कुणाला तीन, बारीक मुळांवर गाठीच गाठी. सासूनं गाजर हातात धरलं अन् जावेच्या पोटाकडं बघितलं. "हिच्या हातालाच गुण न्हाई. जमीनबी नासवून राहिली." पुढच्या हिवाळ्यातही तेच झालं, तेव्हा तिला भावाकडं धाडून दिलं. थोरल्या दिरांनी दुसरी केली. जाताना ती म्हणाली, "माझ्या हाताला काय झालं गं? तू तरी सांग." मला काय ठाऊक होतं तेव्हा!

मग पेरणी माझ्याकडं आली. माझीही गाजरं तशीच निघाली. कुणी चकार शब्द काढला नाही, माझ्या कडेवर पोरगं होतं ना! आता काहून गप्प बसलात, असं विचारायला जीभ वळवळली. पण मीही गप्पच राहिले.

निजामाचं राज्य जायच्या आदल्या हिवाळ्यात शेतकी खात्याचा एक माणूस मळ्यात आला. त्यानं गाठ चिरून भिंगाखाली धरली. आत खसखशीएवढा पांढरा मणी.

"ही कृमीची मादी," तो म्हणाला. "मुळातच राहते आणि शेकडो अंडी घालते. हिला नरही लागत नाही. पीक काढलं तरी अंडी मातीत पडून असतात. नवं मूळ आलं की पिलं आत शिरतात. पिलं स्वतःहून फार लांब जात नाहीत, रोपांच्या मातीतून दुसऱ्या रानात पोचतात. इथं कुणी बाहेरून रोपं आणली होती का?"

सासू माझ्याकडं बघत राहिली.

"आमाला न्हाई आठवत," मी म्हणाले.

जाऊ तेव्हा जिवंत होती, औंढ्याच्या वाटेवर, भावाच्या घरी. खुरपायला रानात जायची, पण कुणी पेरायला बी पुढं केलं की दोन्ही हात पदराखाली घ्यायची.