छावणीत गाईनं पान्हा सोडला

मंडळी, उशिरा लिहितोय, माफ करा. छावणीत फोन चार्जिंगला लावायला संध्याकाळपर्यंत नंबरच लागला नाही.

दूध सोसायटीच्या चारा छावणीत आमची गाय परवा व्याली. आज सकाळी मात्र ती पान्हा चोरू लागली. वासरू ढुशा देऊन थकलं. घरी सूनबाई गाणं म्हणत धार काढायची, ती ऊसतोडीला गेलीय. वासरू दगावेल या धास्तीनं मी गाईवरच खेकसत होतो.

शेजारच्या दावणीवरून केजच्या हमीदाबी म्हणाल्या, "चाचा, गाय कू डाँटते क्या? गाना सुनाव उसकू."

"मला कुठं येतंय गाणं?"

"मग तुमी गप बसा," पलीकडच्या दावणीवरच्या, आमच्या बंजारा तांड्यावरच्या धरमीबाई हसल्या. "तुमच्या आवाजानं छावणीतली म्हसरं पळतील."

त्यांनी गाईच्या पाठीवर हात ठेवून बंजारा बोलीत गाणं धरलं. गाईनं कान टवकारले. मग हमीदाबींनी त्यांच्या दखनी बोलीतला पाळणा म्हटला. शब्द निराळे, पण दोघींची चाल सूनबाईच्या गाण्यासारखीच संथ. हळूहळू गाईनं पान्हा सोडला आणि वासरू पोटभर प्यालं. माझे डोळे भरून आले.

तांडा आमच्या शिवाराला लागूनच आहे. धरमीबाईंकडून इतकी वर्षं तूप घेतलं, पण त्यांचं गाणं या दुष्काळानं कानावर घातलं. दोघींचे लई उपकार.

तुमच्याकडं धार काढताना काय गातात? आणि सूनबाई, तिकडं फडात सगळे खुशाल आहात ना? गाय बरी आहे, जीव माझाच थाऱ्यावर नाही. लवकर फोन कर.