कर सल्लागाराच्या ऑफिसातलं गाऱ्हाणं
शेजारी आत्ता नारळ फोडला, ओल्या खोबऱ्याचा वास आला आणि मला कर सल्लागाराचं ते ऑफिस आठवलं. लेक वर्षाच्या मध्येच नोकरी सोडून परदेशी गेली होती, पण कर कापलेला वर्षभराच्या पगाराच्या हिशोबाने. तो परत मागायची मुदत त्याच दिवशी संपत होती, आणि सल्लागार पंख्याखाली बसून म्हणतो, “काकी, ती आता अनिवासी झाली. सोडा तो रिफंड.” मी म्हटलं, “देश सोडला म्हणून हक्क सुटला काय रे? फॉर्म भर.” तो हसला, “तुमका काय कळता त्यातला?” मग मी उठलेच. आमच्याकडे नारळ देताना देवाला गाऱ्हाणं घालायचं ते पुरुषांनी, मी तिथेच हात जोडून घातलं, “बा देवा म्हाराजा, माझ्या चेडवाचो जास्तीचो कापलेलो कर परत मेळांदे, आणि ह्या झिलाक आजच फॉर्म भरूची बुद्धी दी रे म्हाराजा!” बाकावर ताटकळलेली सगळी माणसं एका सुरात ओरडली, “व्हय म्हाराजा!” त्याने कॉम्प्युटरकडे खुर्ची वळवली. लेकीचे पैसे आले. आता शेजारी कोणीतरी बुवा गाऱ्हाणं घालतोय, पण आवाज कसा तो चढत नाही. थांबा, मीच जाते.