स्लिम कोणाला म्हणायचं

तीन मार्चला ताईंच्या पगाराच्या पाकिटातून सहा हजार आठशे चाळीस रुपये निघाले. भाडं आणि किराणा जाता हातात काही उरणार नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या तपासण्यांना एकोणीसशे लागणार होते, म्हणून ताईंनी दुकानाच्या शेठकडे उचल मागितली.

"तपासण्या कशाला? चांगली स्लिम झालीस की," शेठ म्हणाले. "लोक त्यासाठी पैसे मोजतात. तुझं फुकटात झालं."

शेठच्या तयार कपड्यांच्या दुकानात ‘स्लिम’ हा शब्द ताईंनीच जन्मभर विकला होता. नव्या पोरींना त्या शिकवत, "बारीक बाई पर्स उघडत असेल तर स्लिम म्हणायचं. नुसते कपडे उचकटून जाणार असेल तर हडकुळी, तेही ती पायऱ्या उतरल्यावर."

आता त्यांचंच अंग असं उतरलं होतं, की दुकानातल्या शिंप्याने, मास्तरांनी, त्यांचा गणवेश तीनदा आत घेतला होता. "ताई, कापड पुष्कळ आहे," मास्तर म्हणाले होते, "आत माणूसच उरलं नाही."

शेठनी उचल दिली नाहीच. उलट वर्षभर पडून राहिलेल्या हिरव्या ड्रेसांपैकी एक ताईंना घालायला लावून दारात उभं केलं. सगळ्यांत लहान मापाचा तो ड्रेसही त्यांना ढगळ झाला. मास्तरांनी पाठीत टाचण्या लावल्या. बायका पुढूनच बघत होत्या.

"अय्या, खाता तरी काय हो?"

"काही जातच नाही," ताई खरं ते सांगत. बायका खुशीत हसत आणि ड्रेस बांधून घेत. संध्याकाळपर्यंत अंगावरचा सोडून सगळे खपले.

ताईंनी पुन्हा विषय काढला.

"आजारी माणसाकडे बघून कोणी कपडे घेतं का?" शेठनी गल्ल्याला कुलूप घातलं.

टाचण्या काढून झाल्यावर मास्तरांनी ताईंसमोर एकोणीसशे रुपये मशीनवर ठेवले.

चार दिवसांनी तपासण्यांचे कागद बघून डॉक्टरीणबाईंनी ताईंचं मनगट हातात घेतलं. "इतक्या खंगलात, घरात कोणाच्या लक्षात नाही आलं?"

"आलं ना. जाऊबाई विचारत होत्या, कसं केलंत म्हणून."

त्याच दिवशी ताईंना दवाखान्यात भरती करून घेतलं. शेठनी दारात उभं राहायला दुसरी मुलगी ठेवली, बांध्याने तशीच.

ताईंनी मास्तरांना एकोणीसशेपैकी चारशे रुपये अजून द्यायचे आहेत.