सिस्टरांनी राखलेली पाटी

चौथीपर्यंतच शिकले, अक्षर वेडंवाकडं आहे, चुका पोटात घालाव्यात. वीज गेली म्हणून मेणबत्ती लावली आणि त्या वासाने लेकीचा दहावीचा निरोपसमारंभ आठवला. पहाटेपासून पाचूबंदरला धक्क्यावरच्या लिलावात उभी राहून थकले होते. मासळीची पाटी घेऊन तिच्या कॉन्व्हेंट शाळेच्या फाटकाबाहेरच थांबले. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, “अगं बाय, दर शुक्रवारी तुझीच मासळी खातो आम्ही, वासाची लाज कसली? आत ये.” पाटी दाराशी ठेवून मी हॉलमध्ये जाऊन बसले. मुली एकेक करून आपल्या आईच्या हातात पेटती मेणबत्ती देत होत्या. लेकीचा नंबर येण्याआधीच माझा डोळा लागला. जागी झाले तेव्हा हॉल रिकामा होता आणि लेक विझलेली मेणबत्ती धरून शेजारी बसलेली. “आये, दमलेली होतीस, म्हनून उठवलं नाय.” दाराशी मांजरापासून माझी पाटी राखत त्याच मोठ्या सिस्टर बसल्या होत्या. लेकीला शिकवलं म्हणून आभार मानायचे ठरवून गेले होते, पण एक पापलेट त्यांच्या हातात दिलं, तेवढंच जमलं.